नवीन फोनला पिनचं होलच नाही, कॉलर माइक कसा लावू?

शिरपूर_फाटा:
राम राम मंडळी. आम्ही दोघं मित्र अहिराणीत छोटे कॉमेडी व्हिडिओ बनवतो, सगळं शूटिंग शेतात नाहीतर पारावर. आतापर्यंत पिनवाला कॉलर माइक लावायचो, बोया बीवाय-एम१, लांबलचक वायरीचा, एकदम झकास चालायचा. आता नवीन फोन घेतला त्याला हेडफोनची पिनच नाही, आणि या बजेटमध्ये कॅमेरा चांगला पाहिजे म्हटलं तर दुकानदार पिनवाला दाखवतच नाही. गोलाणी मार्केटमधून टाइप सी टू पिन कन्व्हर्टर आणला. इअरफोन लावला तर गाणं ऐकू येतं, पण माइक लावून रेकॉर्ड केलं की आवाज फोनच्याच माइकचा येतो, वारा, बाजूच्या विहिरीवरची मोटर, सगळं येतं, फक्त आम्ही काय बोलतो ते येत नाही. वर तोच कन्व्हर्टर मित्राच्या फोनला लावला तर गाणंसुद्धा नाही, काहीच नाही. कन्व्हर्टर खराब आहे का फोन? आणि अजून एक, आमचे आबा एफएम लावायला गेले तर स्क्रीनवर नुसतं "हेडफोन लावा" येतं, त्याला काही जुगाड आहे का?

अमळनेरकर:
माले बी हाऊच प्रॉब्लेम शे भो. उत्तर भेटलं की मला पण टॅग करा.

खटपट्या_भुसावळ:
भाऊ, कन्व्हर्टर दोन जातीचे असतात आणि दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून काढून देतो. एकात नुसत्या वायरी असतात, फोनमधूनच तयार आवाज टाइप सीच्या पिनांवर येतो आणि कन्व्हर्टर फक्त तो पुढे ढकलतो. हे काही मोजक्याच फोनला जमतं, कारण फोनमध्ये तशी सोय पाहिजे. दुसऱ्यात छोटी चिप असते, डॅक म्हणतात, फोन फक्त डिजिटल डेटा देतो आणि आवाज ती चिप बनवते. सॅमसंगचे अलीकडचे फोन, पिक्सेल, टाइप सीवाले आयफोन यांना डॅकवालाच लागतो. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे ओळखायचं कसं तर टाइप सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपला लावून बघा, साउंडच्या लिस्टमध्ये नवीन डिव्हाइस दिसलं तर डॅक आहे, नाही दिसलं तर नुसती वायर.

मित्राचा फोन ओप्पो, रिअलमी, विवो, वनप्लस यातला असेल तर कन्व्हर्टरला शिव्या देण्याआधी सेटिंगमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरची वस्तू जोडायची सोय, चालू करा. यातल्या बऱ्याच फोनमध्ये ते बटण वेगळं असतं आणि काही वेळ काही लावलं नाही की आपोआप बंद होतं. मग माणूस म्हणतो काल चालू होता आज मेला. आणि डेव्हलपर ऑप्शन, म्हणजे फोनमधलं लपवलेलं सेटिंग, कोणी उघडून ठेवलं असेल तर त्यात "डिसेबल यूएसबी ऑडिओ राउटिंग" बंदच पाहिजे, नाहीतर आवाज कन्व्हर्टरकडे आपोआप जात नाही.

आता माइकचं. कन्व्हर्टरमधून ऐकू येतं म्हणजे बोलणं पण आत जातं असं नाही, स्वस्तातले बरेच फक्त ऐकण्यापुरते असतात. घेताना विचारा "माइक सपोर्ट आहे का" आणि तिथेच माइक लावून रेकॉर्ड करून बघा, घरी नेऊन नाही. तुमच्या बोयाच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतील, ती माइकवाली पिन, दोन रेघांची असते ती नुसती ऐकायची. त्या माइकच्या डबीवर स्विच आहे बघा, फोनला लावताना तो ऑफ म्हणजे स्मार्टफोनच्या बाजूला पाहिजे, कॅमेऱ्याच्या बाजूला नाही. एवढं करून पण आवाज फोनचाच आला तर दोष तुमच्या कॅमेरा ॲपचा, बरेचसे कंपनीचे ॲप बाहेरच्या माइककडे बघतच नाहीत. ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ऑडिओ सोर्स एक्स्टर्नल माइक करा. माझ्या मते तुमचा निम्मा प्रॉब्लेम इथेच असणार.

नंदुरबारी_मिरची:
एवढा उपद्व्याप कशाला करू राहिले? नेकबँड घ्या आणि मोकळे व्हा. वायर गुंतते, कानातून निघते, खिशात तुटते. मी सुरत पॅसेंजरने जातो, अख्खा डबा नेकबँडवाला असतो, वायरवाला शोधून सापडत नाही.

खटपट्या_भुसावळ:
ऐकायला नेकबँड चांगलाच आहे दादा, पण त्यांना रेकॉर्ड करायचंय. ब्लूटूथचा माइक चालू झाला की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज फोनवर बोलल्यासारखा बारीक होतो. त्यात आवाज थोडा उशिरा येतो, म्हणजे स्वतःचं ऐकत गाणं म्हणायचं असेल तर ताल चुकणारच. वायरलेस कॉलर माइक येतात टाइप सीत घालायच्या रिसीव्हरवाले, ते चालतात आणि वायरीचं लचांड नाही, पण चार्जिंग सांभाळावं लागतं. बाकी आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, अशात नेकबँड नाहीतर माइकची डबी गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात टाकली की लिथियम बॅटरीचं आयुष्य कमी होतंच. पिनच्या इअरफोनला बॅटरीच नाही तर बिघडणार काय.

पारोळा_बायपास:
कंपन्यांनी ही पिन काढली ती आपल्या भल्यासाठी नाही भाऊ. २०१६ ला मोटो झेडने काढली, मग काही महिन्यांतच ॲपलने आयफोन ७ मधून काढली आणि स्टेजवरून सांगितलं की याला करेज लागतं, हिंमत! त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स विकायला काढले, घ्या म्हणे. सुरुवातीला डब्यात कन्व्हर्टर तरी द्यायचे, २०१८ च्या मॉडेलपासून तोही बंद केला. सॅमसंगने २०१७ ला जाहिरातीत ॲपलची खिल्ली उडवली आणि २०१९ ला नोट १० मधून स्वतःच गुपचूप काढली. सांगतात वॉटरप्रूफसाठी काढली, अरे एस७ पाण्यात टाकला तरी चालायचा आणि त्याला पिन होती ना! स्वस्त फोनमध्ये पिन राहते आणि महाग फोनमध्ये जाते, म्हणजे पैसे जास्त देऊन एक वस्तू कमी घ्यायची. तरी आपण घेतोच, मी पण घेतला.

तापीकाठ:
आबांच्या एफएमबद्दल. फोनच्या एफएमला इअरफोनची वायर म्हणजेच अँटेना असते, वायर नाही तर स्टेशन पकडणार कशाने, म्हणून "हेडफोन लावा" येतं. डॅकवाल्या कन्व्हर्टरने पण बहुतेक होत नाही, कारण रेडिओची चिप आणि ती वायर यांचा संबंधच येत नाही. साध्या वायरवाल्या कन्व्हर्टरने एखाद्या फोनवर लागतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांच्या संघटनांना सांगितलं होतं की फोनमध्ये एफएम चालू ठेवा, आपत्तीच्या वेळी उपयोगी पडतं. चांगलंच आहे, पण पिन नाही तर एफएम चालू ठेवून करायचं काय हा माझा प्रश्न. नेट असेल तर प्रसारभारतीचं न्यूज ऑन एअर ॲप टाकून द्या, आकाशवाणीची पुष्कळ केंद्रं आहेत, जळगाव शोधून बघा. पण आबा मळ्यात रेंज नसलेल्या ठिकाणी ऐकत असतील तर सरळ सेलवरचा रेडिओ घेऊन द्या. त्यात मीडियम वेव्ह पण लागतो. जळगाव आकाशवाणी मीडियम वेव्हवर आहे आणि फोनच्या एफएममध्ये मीडियम वेव्ह जन्मात लागणार नाही.

शिरपूर_फाटा:
खटपट्या भाऊ, देवमाणूस आहात. मित्राच्या फोनचं ओटीजी बंदच होतं, चालू केल्याबरोबर गाणं लागलं, म्हणजे कन्व्हर्टर डॅकवालाच निघाला. माझ्या फोनवर ओपन कॅमेरा टाकलं तर माइकचा आवाज येतो पण लय बारीक, आणि मध्येच खरखर होते. आबा रेडिओ घ्यायला तयार आहेत पण म्हणे टॉर्चवाला पाहिजे.

खटपट्या_भुसावळ:
खरखर होते तेव्हा चार्जर नाहीतर पॉवर बँक लावलेली असते का? दोन तोंडाचे कन्व्हर्टर येतात, एकीकडे चार्जिंग एकीकडे पिन, स्वस्तातल्यात चार्जिंगचा आवाज माइकमध्ये घुसतो. फोन भरून घ्या आणि चार्जिंग न लावता एक क्लिप काढून बघा. बारीक आवाजाचं म्हणाल तर माइक तोंडाजवळ घ्या, शर्टच्या दुसऱ्या बटणाच्या वर, उपरण्याच्या आत नाही. तरी नाही झालं तर दुसऱ्या कंपनीचा कन्व्हर्टर लावून बघा. फक्त ॲपलचा घेऊ नका, त्याचा डॅक चांगला आहे पण काही अँड्रॉइडवर आवाज फार कमी येतो.

अमळनेरकर:
माझा पण ओटीजीचाच लोचा निघाला. आते एक सांगा, पिकअपमध्ये जुना टेप आहे, त्याला फक्त ऑक्सचं होल आहे, ब्लूटूथ नाही. हाच कन्व्हर्टर चालेल का?

तापीकाठ:
चालेल, दोन्हीकडे पिन असलेली ऑक्स वायर मध्ये टाका. पण गुगल मॅप लावून गाडी चालवत असाल तर चार्जिंग होणार नाही, होल एकच आहे. त्यापेक्षा ऑक्समध्ये लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, तो गाडीच्या चार्जरवर चालतो आणि फोनचं होल मोकळं राहतं.