माणसाने बांधले म्हणून पाणथळ खोटी ठरते का?

खाडीकाठ (मूळ लेखन)

गेल्या आठवड्यात एका सभासदाने असे लिहिले की नेरूळ-सीवूड्सचे तलाव आणि उरणची पाणजे पाणथळ जागा ही माणसाने बांध घालून केलेली डबकी आहेत, त्यांच्यासाठी न्यायालयात जाणे हा बाल्कनीतून फ्लेमिंगो पाहणाऱ्यांचा शौक आहे आणि खाडी एवढी मोठी असताना पक्षी तिकडे जातील. शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही म्हणून हे उत्तर.

रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात चरतात. भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि पुढचे काही तास त्यांना टेकायला उथळ, निवांत पाणी लागते. ते याच तलावांत मिळते. म्हणजे ‘मोठी खाडी’ नेमकी गरजेच्या वेळी त्यांच्या कामाची नसते. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला तो खाडीला. तलाव त्या हद्दीबाहेर राहिले.

तलाव बुजवायला डंपरही लागत नाहीत. नेरूळच्या एका तलावात भरतीचे पाणी आणणाऱ्या पाइपच्या तोंडाशी राडारोडा आणि मातीच्या गोणी रचलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. पाणी आत यायचे थांबले की हिरवी साय धरते, मग तळाला भेगा पडतात आणि पुढे कोणीतरी त्या जागेला ‘पडीक जमीन’ म्हणू लागते. तलाव कोणी खणला हा प्रश्न गौण आहे. भरतीचे पाणी आत-बाहेर होते की नाही, एवढेच विचारावे.

जासईकर

लेख अभ्यासपूर्ण आहे, अभिनंदन. आता आमचेही ऐका. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आमची मिठागरे आणि भातखाचरे भरावाखाली गेली, तेव्हा खाडीकाठी बाल्कन्याच नव्हत्या, त्यामुळे पक्षिमित्रही नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये जमिनी गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात पाच माणसे पोलिसांच्या गोळीबारात गेली, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पदरात पडली. माझ्या काकांनी भूखंडाची वाट पाहून थकल्यावर आपला हक्क एका बिल्डरला कवडीमोलाने लिहून दिला. आज त्या जागी उभ्या असलेल्या इमारतीतले रहिवासी ‘खाडी वाचवा’च्या मानवी साखळीत उभे राहतात. त्यांना आधी हा इतिहास वाचायला सांगा.

वाशी_सेक्टर

मी पक्ष्यांच्या विरुद्ध नाही, परंतु मूळ लेखकांनी धारण तलावांबद्दल अवाक्षर काढलेले नाही. हे शहर भरतीच्या पातळीच्या खाली वसवले असल्यामुळे पावसाचे पाणी साठवायला हे तलाव खोदले गेले. त्यांत गाळ साचला, गाळात खारफुटी उगवली आणि आता गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते. दर पावसाळ्यात तळमजल्यावरचे आमचे घर गुडघाभर पाण्यात असते. शिवाय २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातखाचरे आणि मीठ, मत्स्यपालन, करमणूक किंवा सिंचन यांसाठी बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. कायदाच तुमच्या बाजूचा नाही.

खाडीकाठ

वगळणूक हेतूवर ठरते, महाशय. तुम्ही दिलेल्या यादीत पूरनियंत्रण कुठे आहे, ते दाखवा. खारफुटी तोडायला बंदी घालणारा उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, तो तुम्हाला गैरसोयीचा वाटणे मी समजू शकतो.

जासईकर, तुमच्या काकांवर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. पण त्या अन्यायाची भरपाई पाणजे कोरडे पाडून कशी होणार? ती जमीन तुमच्या काकांना मिळणार आहे का?

जासईकर

‘काकांना मिळणार आहे का’ हा प्रश्न तुम्ही विचारता आहात, म्हणजे तुमच्या खिशात साडेबारा टक्क्यांतलाच फ्लॅट असणार. साखळीच्या फलकावर पक्ष्याचे चित्र असते, कोळ्याचे कधी असते का? खाडीत मिळणारा जिताडा तुम्हाला ताटात दिसतो, त्यामागचा माणूस दिसत नाही.

खाडीकाठ

मी भाड्याच्या घरात राहतो, त्यामुळे हा नेम चुकला. आणि कोळ्यांचे म्हणाल तर २०१५ मध्ये हरित लवादाने उरण भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई देण्याचा आदेश दिला, तो पारंपरिक मच्छीमारांच्याच अर्जावर. भरावामुळे आणि खारफुटी तोडल्यामुळे मासेमारी बुडाली, हीच त्यांची तक्रार होती. माझ्या लेखातही भरावाचीच तक्रार आहे.

जासईकर

आदेश झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेही लिहा. अर्धवट दाखले देऊन आम्हाला शिकवू नका.

फोंड्याचा_वाचक

मध्येच बोलतो. आमच्या गोव्यातल्या खाजणांचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनींचे, बांध माणसानेच घातले, पाणी मानशीच्या दारांनी आत-बाहेर होते आणि त्यावर पिढ्यानपिढ्या भात आणि कोळंबी दोन्ही निघाली. दारांची देखभाल सुटली तिथे खारे पाणी शेतात घुसले. तुमच्याकडच्या उघाड्यांचेही, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांचेही, तेच असावे. त्या कोण सांभाळतो, हे या सगळ्या भांडणात कोणी विचारलेले नाही.

जासईकर

पूर्वी गाव सांभाळायचा. गावाची जमीन गेल्यावर कोण सांभाळणार? हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो गोव्याहून यावा लागला, यातच सगळे आले.

असो. उघाड्या मोकळ्या ठेवाव्यात आणि त्यांची देखरेख गावातल्या मच्छीमार सोसायटीकडे द्यावी, अशी मागणी कराल तर मी सही करीन, तीही मनावर दगड ठेवून. अर्जात पहिला परिच्छेद मच्छीमारांचा असावा. फ्लेमिंगोंना दुसऱ्या पानावर जागा मिळाली तरी ते नाराज होणार नाहीत, कारण ते अर्ज वाचत नाहीत.

खाडीकाठ

मान्य. मसुदा तुम्हीच लिहा. मी लिहिला तर त्यात पुन्हा बाल्कनी शोधाल.

वाशी_सेक्टर

आणि आमच्या तलावातला गाळ? तो कोणत्या परिच्छेदात येणार, हे मसुदा लिहिण्याआधी कळवावे.