रुग्ण ‘बरं आहे’ म्हणत असेल, तर नोंदीत काय लिहावे?

नवी_अधिपरिचारिका
नमस्कार. जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी नुकतीच एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात रुजू झाले आहे. माझ्याकडे सध्या साठीच्या आसपासच्या एक आजी आहेत. त्यांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेचा आज दुसरा दिवस आहे. “आजी, दुखतंय का?” असे विचारले की त्या “नाही गं बाई, बरं आहे” एवढेच सांगतात, आणि पुष्कळदा त्यांच्याआधी मुलगाच “काही त्रास नाही, सिस्टर” असे उत्तर देतो. प्रत्यक्षात मात्र त्या कुशीवर वळत नाहीत, खोकला आला तरी दाबून धरतात आणि श्वास वरच्यावर घेतात. आधीच्या दोन्ही पाळ्यांच्या नोट्समध्ये ‘तक्रार नाही, प्रकृती स्थिर’ असे लिहिलेले आहे. रुग्ण स्वतः नाही म्हणत असताना मी वेदनेची नोंद केली, तर ती माझ्या मनाची ठरेल का?

दुसरा प्रश्न फोनवरच्या आदेशांचा आहे. रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात, मी ते देते आणि केसपेपरवर त्यांची सही कधीकधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होते. मधल्या काळात ती नोंद कशी असावी? अनुभवी सिस्टरांनी कृपया सविस्तर सांगावे.

परिसेविका_सर्जिकल
तुम्ही पाहिलेली प्रत्येक गोष्ट नोंदीत जायला हवी, आणि आजींचे शब्दही जायला हवेत. दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत हीच तर त्या नोंदीतली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. मात्र त्याआधी विचारण्याची पद्धत बदलून पाहा.

“दुखतंय का?” या प्रश्नाला आपल्याकडची वयस्कर बाई “नाही” असेच उत्तर देते, कारण सिस्टरला त्रास नको, मुलाला काळजी नको, आणि दुखते म्हटले तर सुई टोचतील किंवा घरी सोडणे लांबेल, असे सगळे तिच्या मनात एकाच वेळी चालू असते. शिवाय स्वस्थ पडून असताना तिला खरोखरच फारसे दुखत नसते. म्हणून हालचालीबरोबर विचारा. “आजी, एकदा खोल श्वास घ्या बघू. आता खोका. खोकताना कुठे ओढ बसते, हात ठेवून दाखवा,” असे म्हणा आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. शून्य ते दहा हे आकडे ज्यांना जमत नाहीत त्यांना थोडे, मध्यम, खूप आणि सोसवत नाही एवढे चार पर्याय पुरतात. फक्त जी पट्टी पहिल्यांदा वापरली तीच पुढच्या पाळीनेही वापरावी, नाहीतर तुलना करता येत नाही. मुलाला पाणी आणायला किंवा बिलाच्या खिडकीवर पाठवून दोन मिनिटे एकट्या आजींशी बोला. मुलगा काय म्हणाला तेही लिहायचे असेल तर ‘मुलाच्या सांगण्यानुसार’ असे स्पष्ट लिहा, त्याचे उत्तर रुग्णाच्या नावावर घालू नका.

हा प्रश्न केवळ दुखण्यापुरता नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. त्यामुळे कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही आणि पुढे न्यूमोनियाची वाट मोकळी होते. त्या ‘बरं आहे’कडे म्हणूनच मी इतक्या गांभीर्याने पाहते.

पाठ्यनिर्देशिका_मराठवाडा
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच बजावून ठेवले होते की ‘रात्र चांगली गेली का?’ असे विचारू नये, किती तास झोप लागली आणि रात्री कोणकोणत्या वेळी लागली, असे विचारावे. आपल्या वॉर्डांत तो पहिलाच प्रश्न आजही विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावरून ‘झोप चांगली’ असे लिहिलेही जाते.

आता नोंदीविषयी. ‘प्रकृती स्थिर’ हा निष्कर्ष आहे, आणि तो कशावरून काढला ते लिहिलेले नसेल तर पुढच्या पाळीला त्याचा उपयोग शून्य असतो. मी विद्यार्थिनींना जशी नोंद करायला लावते तिचा नमुना देते. यातले आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

‘२२.१५ : रुग्ण पाठीवर निजून, उजवा हात जखमेवर. विचारल्यावर “बरं आहे” म्हणाल्या. खोकण्यास सांगितले असता कपाळाला आठ्या, खोकला अर्धवट सोडला. वेदना विश्रांतीत २, खोकताना ७. श्वसन मिनिटाला २४, नाडी १०४, रक्तदाब १३८/८६, ऑक्सिजन ९५ टक्के. ड्रेसिंग कोरडे. २२.२५ : ड्यूटीवरील डॉक्टरांना फोनवर कळवले. २२.३५ : आदेशानुसार पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून सुरू, २२.५० ला पूर्ण. २३.२० : खोकताना वेदना ४, श्वसन १८. पोटाशी उशी धरून तीनदा खोकल्या.’

यातली शेवटची ओळ बहुतेक नोंदींत नसते. औषध दिल्याची वेळ सगळे लिहितात, पण त्याने उतार पडला की नाही हे पाहायला परत जाणे आणि तसे लिहिणे राहून जाते. शिरेतून दिलेल्या औषधासाठी साधारण अर्ध्या तासाने आणि तोंडाने दिलेल्या गोळीसाठी साधारण तासाभराने पुन्हा विचारावे. उतार पडला नसेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहून डॉक्टरांना दुसऱ्यांदा कळवावे.

‘रुग्ण असहकार्य करतो’, ‘नातेवाईक भांडखोर’ अशी शेरेबाजी कटाक्षाने टाळावी. रुग्णाने गोळी नाकारली तर नाकारण्याचा हक्क त्याचा आहे; कोणते कारण सांगितले, न घेतल्यास काय होऊ शकते हे त्याला कोणत्या शब्दांत समजावले आणि कोणाला कळवले, एवढे लिहिणे आपले काम आहे. चूक खोडायची असल्यास एकच रेघ मारून शेजारी सही व वेळ घालावी, व्हाइटनर लावू नये. राहिलेली नोंद ‘उशिराची नोंद’ असे म्हणून, लिहितानाची आणि घटनेची अशा दोन्ही वेळा देऊन करावी. दोन ओळींच्या मधल्या जागेत ती घुसवू नये.

आयसीयू_रात्रपाळी
फोनवरच्या आदेशाबद्दल मी लिहिते, कारण रात्रपाळीत खरी जोखीम तिथे असते.

फोन लावण्याआधी रुग्णाची फाइल, टीपीआर चार्ट (तापमान, नाडी, श्वसन) आणि इनटेक-आउटपुट चार्ट (शरीरात गेलेले व बाहेर पडलेले द्रव) समोर ठेवा. बोलण्याचा क्रम ठरवून घ्या: मी कोण व कोणत्या रुग्णाबद्दल बोलते आहे, आत्ता काय घडले आहे, आधीची हकीकत काय, मला काय वाटते आणि तुमच्याकडून काय हवे आहे. ‘एसबार’ नावाने शिकवली जाणारी ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून वैद्यकीय क्षेत्रात आली आणि कैसर पर्मनंटे या संस्थेने ती रुग्णालयात रुळवली. आपल्याकडच्या नवख्या सिस्टर यातल्या शेवटच्या दोन गोष्टी संकोचाने गाळतात. ‘सर, पेशंटला दुखतंय’ एवढ्यावर अर्धवट झोपेतले डॉक्टर काहीही सांगून फोन ठेवू शकतात. ‘दुखण्यामुळे त्या खोकत नाहीत, श्वसन चोवीस आहे, वेदनाशामक हवे आहे असे मला वाटते’ असे म्हटले की निर्णय नेमका होतो.

आदेश ऐकता ऐकता कागदावर उतरवा आणि मग वाचून दाखवा: रुग्णाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, औषध, मात्रा, मार्ग, किती वेळाने. आधीचा डोस कधी दिला होता आणि ॲलर्जी आहे का, हे त्याच वेळी सांगा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘वन फाइव्ह’ असे अंक सुटे करून बोला. लिहिताना पूर्णांकापुढे टिंब-शून्य देऊ नका, कारण १.० घाईत १० वाचले जाते; आणि अर्ध्यासाठी टिंबाआधी शून्य अवश्य घाला, नाहीतर .५ चे ५ होतात. इन्सुलिनच्या पुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. शक्य असेल तर स्पीकर लावून दुसऱ्या सिस्टरलाही ऐकवा आणि तिची सही घ्या.

केसपेपरवर ‘फोनवरील आदेश, वाचून दाखवला, दुजोरा मिळाला’ असे लिहून डॉक्टरांचे नाव, वेळ आणि तुमची सही घाला. डॉक्टरांच्या सहीची मुदत तुमच्या रुग्णालयाच्या नियमावलीत दिलेली असते, ती विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती चोवीस तासांची असते. सही राहिली असेल तर सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, परिसेविकांना (वॉर्डच्या प्रमुख सिस्टरना) तसे सांगा. डॉक्टरांच्या जागी आपण सही करणे कधीही नको.

व्हॉट्सॲपवर आलेला आदेशही फाइलमध्ये उतरवल्याशिवाय फाइलचा भाग होत नाही. रुग्णाचे नाव दिसणारा केसपेपरचा फोटो ग्रुपवर टाकणे तर मुळीच योग्य नाही.

नवी_अधिपरिचारिका
सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरते. रात्री पंचवीसेक रुग्ण आणि आम्ही दोघीच असतो. वरील नमुन्याइतकी नोंद प्रत्येकाची करणे शक्य होत नाही. अशा वेळी काय करावे?

परिसेविका_सर्जिकल
प्रत्येकाची तितकी लांब नोंद करण्याची गरजही नाही, आणि मनुष्यबळ कमी असणे हा तुमचा दोष नाही. ओव्हर घेताना खाटेपाशी जाऊन घ्या आणि तिथेच ठरवा की आज रात्री कोणावर जास्त लक्ष हवे: नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, ड्रेन (जखमेतला स्राव काढणारी नळी) किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असलेले, ताप चढणारे, एकाएकी गोंधळल्यासारखे बोलू लागलेले. या पाच-सहा जणांची नोंद सविस्तर करा. बाकीच्यांचे चार्ट वेळेवर भरा आणि जे बदलले तेवढेच शब्दांत लिहा. खिशात छोटी वही ठेवून वेळा आणि आकडे खाटेशीच टिपा, पाळी संपताना आठवून लिहू नका. पुढच्या तासांच्या नोंदी आधीच भरून ठेवण्याचा मोह मात्र कितीही घाई असली तरी टाळा. सहा वाजताचे तापमान पाच वाजता लिहिले आणि साडेपाचला रुग्णाला थंडी वाजून आली, तर त्या चार्टवरच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या आजींच्या बाबतीत आज रात्री लघवीचे माप तासागणिक पाहा. साठ किलोच्या रुग्णाला तासाला साधारण तीस मिलिलिटरपेक्षा कमी होऊ लागली, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता फोन करा.