वॉशिंग्टनच्या १२ विजयांचे श्रेय नेमके कोणाचे?

लाउडनकर
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, अमेरिकन फुटबॉलमधल्या (एनएफएल) वॉशिंग्टन कमांडर्स संघाचा २०२४चा हंगाम म्हणजे नवखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जेडन डॅनियल्स आणि नशीब, एवढेच. मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन यांच्या जागी कोणीही उभा असता तरी हेच घडले असते. हे मला मुळीच मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहितो. २०२३मध्ये या संघाने १७पैकी ४ सामने जिंकले आणि लीगमध्ये प्रतिस्पर्ध्यांना सर्वाधिक गुण दिले. नवा मुख्य प्रशिक्षक आल्यावर पहिल्याच वर्षी १२ विजय मिळाले, टॅम्पाला २३-२० असे हरवून २००५च्या हंगामानंतरचा पहिला प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेरीतला) विजय मिळाला आणि साखळीत १५ जिंकून केवळ २ हरलेल्या डेट्रॉइटला त्यांच्याच मैदानात ४५-३१ने नमवले. त्या सामन्यात डेट्रॉइटकडून पाच वेळा चेंडू हिसकावला, तो डॅनियल्सने नव्हे, बचाव फळीने. साखळीत चौथ्या डाउनवर (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चौथ्या, शेवटच्या संधीवर) संघाने २३ वेळा धोका पत्करला आणि २० वेळा तो यशस्वी झाला. खेळाडू यार्ड मिळवतो हे खरे, पण पंट करायचा (चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला द्यायचा) की नवख्या मुलावर विश्वास टाकायचा, हा निर्णय मुख्य प्रशिक्षकाचा असतो. संघाचे सराव केंद्र अ‍ॅशबर्नमध्ये माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. आमच्या मराठी मंडळातल्या मुलांना या संघाचा शर्ट घालून शाळेत जायची लाज वाटत असे. त्या हंगामात डॅनियल्सचा पाच क्रमांकाचा शर्ट मिळावा म्हणून माझी मुलगी रडली.

फिलीचा_गरुड
आपल्या मुलीच्या आनंदाबद्दल आदर ठेवून लिहितो. शिकागोविरुद्ध शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू गर्दीत उडून नोआ ब्राउनच्या हातात पडला नसता, तर १८-१५चा तो विजय झालाच नसता. जायंट्सविरुद्ध एकही टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे, सहा गुण) न करता सात फील्ड गोलवर (खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू, तीन गुण) २१-१८ने सुटका झाली. टॅम्पाविरुद्धची निर्णायक किक खांबाला लागून आत गेली. आमच्या फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धचा ३६-३३चा विजय आमचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स डोक्याला मार लागून बाहेर गेल्यानंतरचा आहे. क्विन हे बचावाचे प्रशिक्षक म्हणून ओळखले जातात. मग एनएफसी या गटाच्या अंतिम सामन्यात आमच्या पहिल्याच खेळीवर सेक्वॉन बार्कली ६० यार्ड धावत थेट टचडाउन करतो आणि शेवटी आम्ही ५५ गुण करतो, याचे उत्तर कोणी द्यायचे? गोलरेषेवर त्यांचा बचावपटू फ्रँकी लुवू पुन्हा पुन्हा आधीच उडी मारत राहिला आणि असेच चालले तर गुण बहाल करू, असा इशारा पंचांना द्यावा लागला. ही शिस्त प्रशिक्षकाने लावायची असते.

अटलांटेकर
क्विन यांचे गुणगान वाचले की मला ५ फेब्रुवारी २०१७ची, ते आमच्या अटलांटा फाल्कन्सचे मुख्य प्रशिक्षक असतानाची सुपर बोलची (लीगच्या अंतिम सामन्याची) रात्र आठवते. न्यू इंग्लंडविरुद्ध तिसऱ्या सत्रात आमची २८-३ अशी आघाडी होती. माझा आठ वर्षांचा मुलगा झोपेला आला होता. आपण जिंकलो, असे सांगून मी त्याला निजवले. सकाळी तो नाचत खाली आला आणि ३४-२८ने हरलो, हे मला त्याला सांगावे लागले. गुण २८-२० असताना ज्युलिओ जोन्सच्या झेलामुळे आम्ही न्यू इंग्लंडच्या २२ यार्डांवर होतो. तीन वेळा नुसते धावून फील्ड गोल मारला असता, तर दोनदा गुण केल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हते. त्याऐवजी पास काढायला गेलो, सॅक झाला (पास देण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले), मग होल्डिंगचा (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा) दंड बसला आणि पंट करावा लागला. मुख्य प्रशिक्षकाने कानातल्या यंत्रावर 'धावा' एवढे म्हणायचे होते.

जुना_भक्त_१९९१
त्या खेळी अटलांटाच्या आक्रमणाचे तेव्हाचे सूत्रधार काइल शॅनहान निवडत होते, हे आपण सोयीस्करपणे विसरता. हेच शॅनहान २०१२मध्ये आमच्याकडे, वॉशिंग्टनमध्येही आक्रमणाचे सूत्रधार होते. क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन नवखा होता, १० विजय आले, सगळ्यांना वाटले की दिवस पालटले. जानेवारी २०१३मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध तो आधीच दुखावलेल्या गुडघ्यावर खेळत राहिला आणि त्या संध्याकाळी आमची पुढची कित्येक वर्षे गेली. मी लँडओव्हरच्या त्या मैदानात होतो. तो खाली कोसळल्यावर पसरलेली शांतता मी विसरलेलो नाही. म्हणून क्वार्टरबॅक सगळे करतो हा युक्तिवाद मला पटत नाही. त्याला वर्षभर उभा ठेवणारी माणसेही लागतात. आणि मूळ बदल मालकीचा आहे. आधीचे मालक स्नायडर यांच्या २४ वर्षांत प्लेऑफचे दोन विजय आले, आणि नवे मालक जॉश हॅरिस यांच्या दुसऱ्याच हंगामात दोन आले.

अटलांटेकर
सूत्रधार कोणीही असो, मुख्य प्रशिक्षकाला खेळी रद्द करण्याचा अधिकार असतो. पराभव शॅनहान यांचा, मग २०२४चे विजय क्लिफ किंग्जबरी यांचे का नाहीत? त्या हंगामात आक्रमण तर तेच चालवत होते. दोन्ही बाजूंनी एकच माप लावा.

लाउडनकर
हे माप रास्त आहे आणि ते मला अडचणीचे आहे, हे मान्य करतो. पण २०२०मध्ये ०-५ अशा सुरुवातीनंतर अटलांटाने ज्यांना काढले, तो माणूस तीन वर्षे डॅलसमध्ये केवळ बचाव सांभाळून पुन्हा उभा राहिला. आपण २०१७चा एक निर्णय घेऊन माणसाचा आयुष्यभराचा निवाडा करता आहात, आणि ते अन्याय्य आहे.

अटलांटेकर
अन्याय्य? त्या सकाळी मुलासमोर मी बसलो होतो, आपण नव्हे. कृपया मला न्याय शिकवू नका.

फिलीचा_गरुड
दोघांनीही आवाज खाली आणावा. माझा प्रश्न बचावाचा होता आणि त्याचे उत्तर अजून आलेले नाही. धावत्या खेळाविरुद्ध ही फळी हंगामभर झुकत होती. चौथ्या डाउनच्या २०पैकी कित्येक यशांमागे ८९१ यार्ड धावलेले डॅनियल्सचे पाय होते. नवख्या क्वार्टरबॅकने एका हंगामात इतके धावण्याचा हा विक्रम आहे. त्याचे पाय थकतील तेव्हा क्विन यांचे मोल कळेल. एवढे मात्र देतो की, डेट्रॉइटमध्ये ते जिंकतील असे मला वाटले नव्हते आणि त्या रात्री त्यांची तयारी आमच्या कोणत्याही सामन्याइतकी चोख होती.

अटलांटेकर
रागाने लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. एक गोष्ट राहून गेली. २९ डिसेंबर २०२४ला याच क्विन यांच्या संघाने आमचाच अटलांटा संघ जादा वेळेत ३०-२४ने हरवला. पहिलाच चेंडू त्यांच्याकडे होता. फील्ड गोलवर न थांबता ते थेट झॅक अर्ट्झच्या टचडाउनपर्यंत गेले. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याने विचारले, “बाबा, त्या रात्रीचे प्रशिक्षक हेच ना?” मी हो म्हटले. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “या वेळी थांबले नाहीत.” माझ्याकडून क्विन यांना एवढेच मिळेल, आणि तेही मुलगा म्हणाला म्हणून.