ओंडके ओढायच्या वाटेवरचे आडवे बांध पहिल्याच पावसात फुटले, ओढा गढूळ

डोंगरउतार
तोडणी संपली, माल निघाला. ट्रॅक्टरने ओंडके ओढायची मुख्य वाट साधारण ३०० मीटर लांब, तळाशी ओढा. मोबाइलवर उतार १० आला म्हणून तक्ता बघून दर २५ मीटरला मातीचा आडवा बांध घातला, वाटेला बरोबर काटकोनात, ३० सेंमी उंच. जोराच्या पावसात वरचे दोन टिकले, खालचे सगळे मधोमध फुटले. वाटेत वीतभर खोल घळ पडली आहे. बांध आणखी उंच करावेत की दगडाचे?

मातीवाट
दोन्ही नको. आधी उतार तपासा. मोबाइल बहुतेक वेळा अंश दाखवतो आणि तक्ते टक्क्यांत असतात. १० अंश म्हणजे जवळजवळ १८ टक्के, म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात १८ मीटर चढ. बांधांचं अंतर साधारण असं धरतात: ५ टक्क्यांना ४० मीटर, १० ला २५, १५ ला १८, २० ला १४, ३० ला १०. तुमच्या वाटेवर दर १५ मीटरला बांध हवा होता. अंतर वाढलं की प्रत्येक बांधावर जास्त पाणी येतं, आणि एक फुटला की त्याचं सगळं पाणी पुढच्याच्या डोक्यावर. वरचे टिकून खालचे फुटले ते यामुळेच.

दुसरी चूक काटकोनाची. हा बांध पाणी वाटेबाहेर काढायला घालतात. काटकोनात घातला की मागे पाणी तुंबतं, गाळ साचतो आणि मग ते सर्वांत खचलेल्या जागेवरून, म्हणजे चाकोरीतून, उसळतं. काटकोनाच्या रेषेपासून सुमारे ३० अंश खालच्या बाजूला झुकवा. आधी घट्ट मातीत १५-२० सेंमी चर खणा, निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला टाकून चोपा. चराच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत ४५ सेंमी तरी भरले पाहिजेत, आणि ते चोपल्यानंतर. सैल माती पहिल्या पावसात खाली बसते. वरचं टोक डोंगराच्या कडेत घुसवा, नाहीतर पाणी वळसा घालून जातं. खालचं टोक वाटेच्या कडेपलीकडे अर्धा मीटर न्या आणि उघडं ठेवा. हे तोंड ट्रॅक्टरच्या कडेला साचलेल्या मातीने बुजलेलं असतं, तिथेच निम्मे बांध वाया जातात. तोंडापुढे फांद्या-काटक्या पसरा, म्हणजे पाणी विखरून पालापाचोळ्यात मुरेल.

ओढाकाठ
वरचं सगळं पटतं, पण गढूळपणा बहुधा शेवटच्या २०-३० मीटरमधून येतोय. वाट ओढ्याला कुठे भिडते ते बघा. ओंडके टाकून तात्पुरता पूल केला असेल तर तो काढून टाका, पात्रात माती राहू देऊ नका. शेवटचा बांध काठापासून १०-१५ मीटर अलीकडे घाला आणि पाणी राखलेल्या झाडीत सोडा, थेट ओढ्यात नाही. तिथून काठापर्यंतची वाट जाड आच्छादनाखाली झाकून टाका. ओलांडणी पुढेही लागणार असेल तर ती ओढ्याला काटकोनात घ्या आणि दोन्ही बाजूंना १५ मीटर खडी टाका.

काठाला राखलेल्या झाडीचा पट्टा किती रुंद, यावर १९५७ सालचा ट्रिम्बल आणि सार्ट्झ या अमेरिकी वनसंशोधकांचा जुना हिशेब अजून कामाला येतो: रस्ता आणि ओढा यांत साधारण ८ मीटर, आणि त्यात उताराच्या प्रत्येक टक्क्यामागे ०.६ मीटर मिळवायचे. ३० टक्के उताराला २६ मीटर. पाणी पिण्याला जात असेल तर दुप्पट. या पट्ट्यात यंत्र अजिबात नको. आणि एक लक्षात घ्या, पट्टा पसरून आलेलं पाणी गाळतो, घळीतून आलेलं पाणी त्यातून सरळ आरपार जातं. म्हणून मातीवाट यांनी सांगितलेल्या फांद्या टाळू नका.

पालापाचोळा
वाट दबलेली आहे हे कुणी बोललं नाही. बहुतेक दाब पहिल्या चार-पाच फेऱ्यांतच बसतो, त्यानंतर पाणी मुरत नाही, नुसतं वाहतं. माती सुकल्यावर ३०-४५ सेंमी खोल फोडा, पण उताराला आडवी. उभे फाळ ओढले तर प्रत्येक रेघ नवी घळ होईल. मुठीत दाबून गोळा झाला तर माती अजून ओली आहे, थांबा. क्रम असा: घळ भरून फोडणी, मग बांध, मग गवताचं बी आणि हेक्टरी ५ टन वाळलं गवत. काठाच्या पट्ट्यात फोडू नका, तिथे फक्त आच्छादन.

डोंगरउतार
बांधांची खालची टोकं खरंच बुजलेली आहेत, कडेला हातभर मातीची वरंबी आहे. पाऊस चालू आहे, आत्ता काय करता येईल?

मातीवाट
ट्रॅक्टर नेऊ नका. चाकोरी १५ सेंमीपेक्षा खोल उमटायला लागली की काम थांबवायचं असतं. कुदळ-फावड्याने वरून सुरुवात करा: प्रत्येक जुन्या बांधाच्या वरच्या अंगाला तिरपा चर काढून वरंबी फोडा, तोंड चराच्या तळाइतकं खोल आणि हातभर रुंद. वरचं पाणी बाहेर गेलं की खालचा भार आपोआप उतरतो. घळीत फांद्या बुंधा वरच्या बाजूला करून दाबून भरा, जमिनीला टेकल्या पाहिजेत. अधांतरी राहिल्या तर पाणी खालून निघून जातं. उघडीप मिळाली की नवे बांध, आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या पावसानंतर तोंडांतला गाळ उपसा.