५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीची तयारी: जिम आणि आहार यांचा मेळ कसा घालावा?

येऊरची_वाट (ठाणे)

नमस्कार. मी ४३ वर्षांची आहे, वसंत विहार परिसरात राहते आणि नोकरीसाठी रोज लोकलने फोर्टला जाते. चार पूर्ण मॅरेथॉन झाल्यानंतर यंदा प्रथमच ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत नाव नोंदवले आहे. शर्यत फेब्रुवारीत आहे, म्हणजे हाताशी साधारण वीस आठवडे आहेत.

सध्या मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे उपवन तलावाच्या बाजूला ८ ते १० किलोमीटर, रविवारी येऊरच्या रस्त्यावर लांब धाव आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी जिम असा क्रम आहे. धावणाऱ्यांनी जड वजन उचलू नये, असे जिममध्ये सांगितल्यामुळे मी सगळे व्यायाम हलक्या वजनावर वीस-वीस रेप्सचे (सलग पुनरावृत्तींचे) करते. वजन ५८ किलो आहे. ते थोडे कमी झाले तर चढ सोपा जाईल, या विचाराने चार महिन्यांपूर्वी भात बंद केला. पहाटे चहा आणि दोन बिस्किटे, ऑफिसात पोहोचल्यावर पोहे, डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, मग जिम आणि रात्री साडेनऊला भाकरी, भाजी व वाटीभर आमटी, असे माझे खाणे आहे. अंडी चालतात, मांस-मासे घेत नाही.

दोन रविवारांपूर्वी ३२ किलोमीटरच्या धावेत शेवटच्या उतारावर मांड्या इतक्या थरथरू लागल्या की उपवनपर्यंत चालत यावे लागले. पुढचे चार दिवस ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना मी कठडा धरून, अंग तिरके करून, एकेक पायरी उतरत होते. चढताना मात्र काहीच त्रास नव्हता. जिम नियमित चालू असूनही असे का व्हावे, व्यायाम आणि धाव यांचे दिवस कसे लावावेत आणि खाण्यात काय बदलावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. धावताना ऊर्जेसाठी घ्यायचे गोड जेल घेतले की मला मळमळते. आणखी एक गोष्ट संकोचानेच लिहिते: गेले तीन महिने पाळी आलेली नाही. ती वयामुळे असेल असे मी धरून चालले आहे.

पारसिक_उतार (बेलापूर)

नमस्कार ताई. मी गेली अकरा वर्षे धावणाऱ्यांना ताकदीचे व्यायाम शिकवतो, म्हणून जिमच्या भागापुरते लिहितो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलेल्या एका वाक्यात आहे: जिना उतरताना त्रास झाला, चढताना झाला नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, तर उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार रोखून धरतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामात स्नायूतंतूंची झीज कितीतरी अधिक होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. तुमचा दम कमी पडला नाही, कमी पडली ती मांड्यांची रोखून धरण्याची ताकद, आणि ती हलक्या वजनाच्या वीस रेप्सनी फारशी वाढत नाही. धावताना तासाला दहा हजारांच्या आसपास पावले पडतात, म्हणजे हलक्या भाराची पुनरावृत्ती धावण्यातच भरपूर होते. जिममध्ये जायचे ते धावण्यातून जे मिळत नाही त्यासाठी, म्हणजे मोठ्या भारासाठी.

म्हणून तीनऐवजी दोनच दिवस जिम ठेवा आणि प्रत्येक वेळी पाऊण तासाच्या आत बाहेर पडा. एक पाय मागे बाकावर ठेवून करायचा स्प्लिट स्क्वाट (एका पायाची बैठक), रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून पुढे झुकून वजन उचलणे), बसून करायचा काफ रेज (टाचा उचलणे) आणि पायरीवरून एका पायाने तीन सेकंद घेत हळूहळू खाली येण्याचा स्टेप-डाऊन, एवढे चार व्यायाम पुरेत. बसून केलेल्या काफ रेजचा आग्रह यासाठी की गुडघा वाकलेला असताना पोटरीतल्या सोलियस या खोल स्नायूवर भार येतो, आणि धावताना प्रत्येक पावलाला त्याला शरीराच्या वजनाच्या सहापटींहून अधिक जोर पेलावा लागतो. पहिले तीन-चार आठवडे आठ-दहा रेप्स करून हालचाल नीट बसवा आणि मगच वजन वाढवत पाच-सहा रेप्सच्या तीन सेट्सवर या. प्रत्येक सेट संपताना आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या, इतपत शिल्लक राहू द्या. अशा जड व्यायामाने अंग फुगेल ही भीती मनात ठेवू नका. एवढे धावणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तसे होत नाही, उलट त्याच वेगाला लागणारा प्राणवायू कमी होतो.

आता दिवसांविषयी. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात ताकद आणि दमसास यांचे व्यायाम एकत्र करणाऱ्या गटाची ताकद सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, पुढे थांबली आणि अखेरीस घटू लागली. दमसासाच्या वाढीला मात्र धक्का बसला नाही. त्या गटाचे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून पाच दिवस आणि दमसासाचे सहा दिवस होते, हे लक्षात घेतले तर दोष दोन्ही एकत्र करण्यात जितका होता तितकाच विश्रांतीला जागा न उरण्यात होता, असे मला वाटते. तुमच्या आठवड्यातही नेमकी तीच अडचण आहे, कारण शनिवार सोडला तर एकही दिवस पायांना मोकळा मिळत नाही. मंगळवारी व गुरुवारी पहाटे धावता, त्याच संध्याकाळी जिम करा. मधल्या दहा-बारा तासांत दोन जेवणेही होतात. सोमवार आणि शुक्रवार पूर्ण मोकळे ठेवा आणि रविवारच्या लांब धावेआधीच्या दोन दिवसांत पायांना जड काम देऊ नका.

उताराचा सराव उतारावरच करावा लागतो. एकदा उतारावर नीट काम झाले की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच भाराला कमी दुखतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी येऊरच्या किंवा आमच्या पारसिक हिलच्या रस्त्यावर चार-पाच वेळा, छोटी पावले टाकत, सावकाश उतरा. असा शेवटचा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी आणि जिममधला शेवटचा जड दिवस दहा-बारा दिवस आधी घ्या.

वाटीभर_वरण (ठाणे)

मी आहारतज्ज्ञ आहे आणि स्वतःही धावते. पाळीचा मुद्दा तुम्ही सर्वांत शेवटी, संकोचाने लिहिलात, परंतु मी सुरुवात तिथूनच करते. भात बंद होऊन चार महिने झाले आणि पाळी थांबून तीन महिने झाले, हा क्रम मला गंभीर वाटतो. व्यायामाला लागणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामांसाठी पुरेशी ऊर्जा उरली नाही, की ते काही कामे थांबवते आणि त्यात पाळीचा क्रमांक वरचा असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस हे नाव दिले. तिचा परिणाम हाडांवर होतो आणि पायाच्या हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका वाढतो. वयाचे कारणही असू शकते, परंतु ते तपासणीशिवाय ठरवू नका. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, ड जीवनसत्त्व व थायरॉईड यांच्या तपासण्यांविषयी विचारा. फेरिटिनवर माझा विशेष भर आहे, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असलेल्या शाकाहारी धावपटू स्त्रिया मला वारंवार भेटतात. अन्नातले लोह नीट शोषले जावे म्हणून तुमचा चहा पोह्यांपासून आणि जेवणापासून किमान तासभर दूर ठेवा आणि पोह्यांवर लिंबू पिळा.

तुमच्या रोजच्या खाण्यातून माझ्या हिशेबाने जेमतेम ४५ ग्रॅम प्रथिने मिळतात. या तयारीत दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम, म्हणजे ५८ किलोला सुमारे ९३ ग्रॅम हवीत. सकाळी पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम), डब्यातल्या भाजीत ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून (२६ ग्रॅम) आणि झोपण्यापूर्वी पाव लिटर दूध (८ ग्रॅम), एवढ्याने ती तफावत जवळजवळ भरून निघते. हे तिन्ही एकाच जेवणात कोंबू नका, दिवसभरात विभागून घ्या.

भात आजच परत सुरू करा. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) मावते, आणि लांब धावेत हाच साठा संपत जातो. तो आदल्या दिवशीच्या जेवणातून भरावा लागतो. संध्याकाळी रिकाम्या पोटी जिमला जाता, त्याऐवजी ऑफिसातून निघताना केळे व मूठभर फुटाणे खा. वजन कमी करण्याचा विचार शर्यत होईपर्यंत पूर्णपणे बाजूला ठेवा, असे मी कळकळीने सांगते.

धावतानाच्या खाण्याचे प्रमाण तासाला ३० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरू करून दोन महिन्यांत हळूहळू ६० ग्रॅमपर्यंत न्या, म्हणजे आतड्यालाही सवय होईल. जेलवर पुरेसे पाणी न पिणे हे मळमळण्याचे एक सामान्य कारण आहे. घरचे सरबत करून पाहा: अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, एक ग्रॅम मीठ आणि अर्धे लिंबू. साखरेत ग्लुकोज व फ्रुक्टोज दोन्ही असतात आणि आतड्यात त्यांची शोषली जाण्याची वाट वेगवेगळी असल्यामुळे ती बऱ्याच जणांना सोसते. पुष्कळ मंडळी केवळ ओआरएसच्या भरवशावर धावतात. त्याच्या एक लिटर द्रावणात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते. ते क्षार भरून काढते, पण धावण्याची ऊर्जा पुरवू शकत नाही. पाणी तहानेप्रमाणे प्या. धावेनंतर वजन आधीपेक्षा वाढलेले दिसले, तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले आणि रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, असे समजा.

दोन_डबे (ऐरोली)

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. एका ठिकाणी मात्र माझा अनुभव वेगळा आहे. संध्याकाळची लोकल आणि घरची कामे सांभाळून रात्री आठला जड वजन उचलणे मला कधीच टिकवता आले नाही, म्हणून मी पहाटेची धाव संपल्यावर वीस मिनिटांत केळे व दूध घेऊन लगेच जिम करतो. तत्त्वतः मधे अंतर असलेले चांगलेच, पण वीस आठवडे न चुकता होणारा क्रम मी अधिक महत्त्वाचा मानतो.

मी दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनकडे उतरणाऱ्या दिशेने धावलो आहे. चार-पाच तासांनंतर गोड पदार्थ तोंडात धरवेना. तेव्हा मिठात घोळवलेले उकडलेले बटाटे उपयोगी पडले, म्हणून खारट पदार्थांचाही सराव आतापासून करा. आणि मांड्या कितीही दुखल्या तरी धावताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेऊ नका. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात.

येऊरची_वाट (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे आणि आज डब्यात भात आहे. एक शंका राहिली. मी संकष्टी करते आणि दिवसभर फळांवर राहून चंद्रोदयानंतरच जेवते. ती शनिवारी आली, तर रविवारची लांब धाव कशी करावी?

वाटीभर_वरण (ठाणे)

उपवास सोडण्याची गरज नाही, पण नुसत्या फळांवर राहू नका. साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि रताळे या तिन्हींत पिष्टमय भाग भरपूर असल्याने धावेच्या आदल्या दिवशी ते उपयोगीच पडतात. दुपारी वरीचा भात आणि दह्यातली काकडीची कोशिंबीर, चार वाजता उकडलेले रताळे व दूध असे घ्या. खिचडीत तूप आणि दाण्याचे कूट हात राखून घाला, कारण जास्त स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. चंद्रोदय बहुधा साडेआठ-नऊनंतर असतो, तेव्हा त्या रात्री साधा वरण-भात आणि एखादा उकडीचा मोदक एवढेच जेवून झोपा आणि पहाटे साडेचारऐवजी सहाला निघा. ज्या रविवारी ३० किलोमीटरहून मोठी धाव ठरलेली असेल, तिच्या आदल्या दिवशी संकष्टी येते का, हे मात्र दिनदर्शिका समोर ठेवून आजच पाहा आणि तसे असल्यास ती धाव एक आठवडा पुढे न्या.