मातीत नवी अँटिबायोटिकं शोधायची, की आहेत ती आधी जपायची?

मुलुंडची_मास्तरीण
आमच्या एमएस्सीच्या पोरांनी कॉलेजमागच्या आंब्याखालची चमचाभर माती तपासली. प्लेटवर खडूच्या ठिपक्यांसारख्या कोरड्या, पांढऱ्या वसाहती उगवल्या. एकीभोवती बाकीचे जंतू नखाएवढ्या गोलात साफ! पोरं नाचली. स्टाफरूममध्ये मात्र ऐकलं, "मातीत आता काय उरलंय?" टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्याच जंतूपासून मिळालं, व्हँकोमायसिनचा जंतू बोर्निओच्या मातीतला. आपल्या पिंपरीच्या मातीनं हॅमायसिन दिलं (बुरशीवरचं औषध, पण घरचं). टीबीनं गांजलेल्या मुंबईत तरी हा शोध सोडू नये असं मला वाटतं.

दादरचा_केमिस्ट
मॅडम, राग मानू नका, त्या गोलातनं बहुतेक वेळा जुनंच रसायन निघतं. मोठ्या कंपन्यांनी माती सोडली त्याचं हे एक मोठं कारण. आणि नवं सापडलं तरी टिकणार किती? लोक ऊठसूट घेतात, जंतू त्याला सरावतात. काल रात्री दहाला एक काका: "सेफिक्झिमच्या तीन द्या, सर्दी आहे." चिठ्ठी नाही. २०१४ पासून हे अँटिबायोटिक शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे, रजिस्टरात नाव लिहावं लागतं. मी नाही म्हटलं, काका समोरच्या दुकानात गेले.

चिखल्या
नळ गळतो म्हणून तानसा तलाव भरायचाच नाही का? जुनंच सापडतं, कारण मातीतल्या शंभरातला जेमतेम एक जंतू प्लेटवर वाढतो. बाकीच्यांना मातीतच वाढवायचं. अमेरिकेत बारीक छिद्रांत एकेक जंतू कोंडून, दोन्हीकडून पातळ पडदा लावून ती पट्टी परत मातीत ठेवली. त्यातून टेक्सोबॅक्टिन हे नवं अँटिबायोटिक मिळालं, २०१५ साली जाहीर झालं.

गोरेगाव_पूर्व
मग त्याची गोळी दाखवा की! अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. नवं औषध जपून वापरायचं म्हणजे ते खपणार नाही, मग पैसा कोण घालणार? माझ्या बहिणीला एमडीआर टीबी होता, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. तिला उपयोगी पडलं बेडाक्विलिन, आणि ते प्रयोगशाळेत घडवलेलं आहे. मातीचा काही संबंध नाही.

मुलुंडची_मास्तरीण
ताई बऱ्या झाल्या, छान वाटलं. पण त्याआधी लघवी लाल करणारी गोळी होती ना, रिफाम्पिसिन? तिचं मूळ फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मातीतलं.

गोरेगाव_पूर्व
होती. तीच तर चालली नाही, मॅडम.

चिखल्या
म्हणूनच नवं हवंय ना! 🙂

मुलुंडची_मास्तरीण
गोरेगाव, मान्य. आमची ती वसाहत सध्या फ्रिजमध्ये आहे. जुनंच रसायन आहे का, ते बघायला मास स्पेक (रेणूंच्या वजनावरून रसायन ओळखणारं यंत्र) लागतं, ते आमच्याकडे नाही. कुणाची कुठल्या लॅबमध्ये ओळख?

दादरचा_केमिस्ट
माझा भाचा आहे एका लॅबमध्ये, विचारतो. पण तुमची पोरं एक दिवस माझ्या काउंटरवर पाठवा. शनिवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी.