मदत हवी आहे : बोकडांना सरकी ढेप द्यावी की सोयाबीन पेंड?

राम राम मंडळी. पारोळ्याकडे आमचे काही बोकड बकरी ईदच्या बाजारासाठी तयार करतोय. तुरीचं कुटार, शेवरीचा पाला आणि मक्याचा भरडा चालू आहे. पोटं गच्च भरतात, पण पाठीवर हात फिरवला की मणके टोचतात. प्रथिनंच कमी पडताहेत, असं वाटतं.

सरकी ढेप (तेल काढलेल्या सरकीची पेंड) इथे गावोगावी मिळते. सोयाबीन पेंडीत प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास, ढेपेच्या जवळपास दुप्पट, पण भावही तसाच. मक्यावर ढेप म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) वाढणार आणि नरांना मुतखड्याची भीती. लघवी तुंबली की जनावर हातचं जातं, याची मला फार धास्ती आहे.

तुम्ही रोज किती ग्रॅम देता? मुतखडा होऊ नये म्हणून सोबत कॅल्शियम किंवा नवसागर (अमोनियम क्लोराईड) कोणी देतं का, आणि किती?